उशिरा आलेल्याचे पान

उशिरा येणाऱ्या माणसांविषयी जगात फार वाईट बोलले जाते. आगगाडी त्यांच्यासाठी थांबत नाही, शाळेचे फाटक त्यांच्या तोंडावर बंद होते, आणि नाटक सुरू झाल्यावर आलेल्याच्या पायांकडे अख्खी रांग कशी पाहते ते सांगायलाच नको. त्यांची गय होते ती फक्त पंगतीत. पंगत अर्धी उठत आली, तरी उशिरा आलेल्याला पान मांडले जाते. जाणता वाढपी मागची सारी वाढणी त्या पानात एकदम ओतीत नाही. आणि 'आता मठ्ठा चालू आहे' म्हणून नुसता मठ्ठाही वाढीत नाही.

हा वाढपी मला आठवला तो संगणकामुळे. आमच्या भागातल्या एका लहानशा व्याख्यानमालेचा पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. पत्रव्यवहार म्हणजे ई-मेल. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप धाडला, आणि १९७८ साली गॅरी थर्क यांनी एकच जाहिरात सुमारे ४०० जणांना एका दमात पाठवली. घाऊक पत्रांचा ओघ तेव्हापासूनचा. आता तर पत्र धाडायलाही माणूस लागत नाही. श्रोत्याने नाव नोंदवले की यंत्र कामाला लागते. लगेच आभार, आठवडाभर आधी वक्त्यांचा परिचय, दोन दिवस आधी सभागृहाचा पत्ता, आदल्या दिवशी आठवण. लग्नघरच्या एखाद्या कर्त्या मावशीलाही इतके जमायचे नाही!

पण ही सारी मांडणी वेळेवर येणाऱ्यांसाठी. गेल्या वर्षी एका व्याख्यानाच्या आदल्या रात्री साडेदहाला एका बाईंनी नाव नोंदवले. एका मिनिटात त्यांना चार पत्रे गेली. एकात 'अजून सात दिवस आहेत', दुसऱ्यात 'दोनच दिवस उरले', तिसऱ्यात 'उद्या नक्की या'. चौथे आभाराचे. सकाळी त्यांचा फोन आला. "अहो, व्याख्यान आहे तरी कधी?" मी सांगितले. मग त्या जरा संकोचून म्हणाल्या, "आई अंथरुणावर आहे. तिच्याजवळ बसायला बहीण येणार की नाही, ते काल रात्रीच ठरलं. म्हणून उशीर झाला हो."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ विचार करीत राहिलो. उशिरा नाव देणारा तो आळशी, असे आपण धरून चालतो. पण दुकान सांभाळणारा, रात्रपाळीचा, घरात आजारपण असलेला, यांना आठवडाभर आधी 'येतो' म्हणण्याची चैन परवडत नाही. ज्यांना यायची सर्वांत ओढ, तेच कित्येकदा सर्वांत उशिरा नाव देतात.

संगणकाचे काम करणाऱ्या माझ्या भाचीला मी हे सांगितले. ती म्हणाली, "मामा, काही ठिकाणी याच्याही उलट होतं. वेळ टळलेलं पत्र यंत्र मुकाट्याने गाळतं. मग पत्ताच पोचत नाही, कारण पत्ता त्या गाळलेल्या पत्रात असतो." आणखी एक तऱ्हा तिने सांगितली. 'नोंदणीनंतर पाचव्या दिवशी पत्ता' असे ठरवले, तर आदल्या दिवशी नाव देणाऱ्याला पत्ता मिळायचा तो व्याख्यान होऊन गेल्यावर!

उपाय साधा निघाला. दिवस मोजायचे ते व्याख्यानाच्या तारखेपासून मागे. प्रत्येक पत्र सुटण्याआधी यंत्राने दोन प्रश्न विचारायचे: या पत्राची वेळ टळली का, आणि या माणसाने येणे रद्द तर केले नाही ना? पहिल्या दोन दिवसांची मुदत उलटून आलेल्यांसाठी एकच वेगळे पत्र: तारीख, वेळ, पत्ता, कोणत्या फाटकाने यायचे, एवढेच. ते गेले की पुढच्या काही तासांत दुसरे पत्र नाही. जे परदेशातून घरबसल्या ऐकतात त्यांना वेळ त्यांच्या घड्याळाची सांगायची. आपल्याकडचे संध्याकाळचे सहा म्हणजे न्यूयॉर्कला उन्हाळ्यात सकाळचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेसात.

एक गोष्ट मात्र यंत्राबाहेरची होती. दारावरच्या स्वयंसेवकाच्या हातातली यादी आदल्या संध्याकाळी छापलेली असते. रात्री आलेले नाव तिच्यात कुठून असणार? आता शेवटची यादी आम्ही व्याख्यानाच्या तासभर आधी काढतो, आणि दारावरच्या मुलाला सांगून ठेवतो, की नाव सापडले नाही तर चौकशी करत बसू नकोस, कोऱ्या ओळीवर लिहून घे.

उशिराच्या पत्राचा मजकूर भाचीने मलाच लिहायला लावला. यंत्राबरोबर आलेल्या तयार नमुन्यात आरंभी वाक्य होते: 'आपली नोंदणी विलंबाने प्राप्त झाली आहे.' खरे तर त्यात काही खोटे नव्हते. पण बहिणीची वाट पाहत रात्री साडेदहापर्यंत बसलेल्या माणसाला ते ऐकवायचे कशाला? मी ते काढून टाकले आणि तिथे लिहिले, 'जरूर या, जागा आहे.'