मदरबोर्ड गेला म्हणजे

“मदरबोर्ड गेला, नवाच बसवा,” हा निकाल मिळाला तेव्हा आमच्या शाळेचा लॅपटॉप भंगारातच निघायचा. १०वीच्या मुलांचे गुण त्यात अडकलेले! पण अशा जुन्या धाटणीच्या लॅपटॉपात हार्डडिस्क बोर्डाहून निराळी असते. ती यूएसबी डबीत घातली, गुण हाती आले. मग बेळगावातल्या एका कानडी कारागिराने मीटर लावला. “सर, बोर्ड चांगला आहे की! कपॅसिटर तेवढा शॉर्ट झालाय.” तांदळाच्या दाण्याएवढा तो तुकडा बदलला आणि यंत्र उजळले. हे न जमते, तर त्याच मॉडेलच्या मोडीतल्या यंत्राचा बोर्ड शोधायचा. हमी मात्र लेखी घ्यावी. पाण्याने गंजलेल्या बोर्डावर मी तरी पैसे घालणार नाही; दुरुस्त झाला तरी तो बहुधा पुन्हा रुसतो.