चावीची घड्याळे

माणसाला एखादा तरी छंद असावा, असे आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो आहोत. पोस्टाची तिकिटे, नाणी, फार तर काड्यापेट्यांवरची चित्रे, इथपर्यंत लोक समजून घेतात. पण ‘मी जुनी मनगटी घड्याळे जमवतो’ असे सांगितले की समोरचा आधी माझ्या मनगटाकडे पाहतो आणि मग स्वतःच्या मोबाइलकडे. वेळ कळायला आता घड्याळ लागत नाही, हे मलाही कबूल आहे. मग मी घड्याळे का जमवतो? खरे सांगायचे तर, एका चुकीमुळे.

आमच्या आबांजवळ एक एचएमटी ‘जनता’ होते. आबा देवळी तालुक्यातल्या एका खेड्यात मास्तर होते. १९७३ साली त्यांनी ते घेतले. त्या काळी एचएमटीचे घड्याळ मिळणे सोपे नव्हते. मागणी फार आणि माल कमी. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ मध्ये बंगलोरला हा सरकारी कारखाना सुरू झाला आणि परदेशी घड्याळ ज्याला परवडत नव्हते, त्या माणसाच्या हाताला वेळ बांधली गेली. लग्नात जावयाला, निवृत्तीला मास्तरांना, पास झालेल्या मुलाला एचएमटीच देत.

आबा रोज सकाळी अंघोळीनंतर घड्याळाला चावी देत. मला कानाशी धरून टिकटिक ऐकवत. त्या टिकटिकीचा हिशेब मला पुढे कळला: सेकंदाला पाच ठोके, तासाला १८,०००. तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेले असते. आत सतरा हिरे आहेत, अशी लहानपणी माझी समजूत होती. पुढे कळले, ती कृत्रिम माणके असतात; चाकांचे आस झिजू नयेत म्हणून बसवलेली. श्रीमंती मिरवायला नव्हे, घर्षण कमी करायला! मला ती अधिकच आवडू लागली.

आबा गेल्यावर घड्याळ माझ्याकडे आले. तबकडी पिवळी पडली होती, चारच्या आकड्याजवळ पावसाच्या ओलीचा तपकिरी डाग होता. मी ते एका घड्याळजीकडे नेले. त्यांनी भिंगातून पाहिले आणि विचारले, ‘‘बाबू, मशीन ठणठणीत हाय. डायल जुनीच ठेवू का रंगवून देऊ?’’

‘‘रंगवून द्या. नव्यासारखी दिसली पाहिजे.’’

आठ दिवसांनी घड्याळ पांढरेशुभ्र होऊन आले. मी मोठ्या ऐटीत बाबांना दाखवले. बाबांनी ते उलटेपालटे केले आणि हळूच विचारले, ‘‘आबाचं घड्याळ कुठं हाय?’’

मी काहीच बोललो नाही. तो डाग ज्या पावसाने पडला, त्या पावसात नाल्याला पूर आला होता आणि आबा लहानग्या बाबांना खांद्यावर घेऊन पलीकडे आले होते, हे मला त्या दिवशी कळले. घड्याळजींचा दोष नव्हता. त्यांनी मला विचारले होते.

तेव्हापासून मी जुनी घड्याळे जमवतो. आज माझ्याजवळ अकरा आहेत. कुणाच्या ट्रंकेतून, कुणाच्या टेबलाच्या खणातून आलेली. ‘पायलट’ची काळी तबकडी आणि त्यावरचे पांढरे ठसठशीत आकडे पाहा, नजर टाकताच वेळ कळते. ‘जनता’चे रूप त्याहून साधे. बारीक काटे, मोकळी पांढरी जागा, आणि काहींवर नाव चक्क देवनागरीत. उगाच असे त्यात काही नाही. एचएमटीने अंधांसाठीही घड्याळ काढले होते. काच उघडायची आणि उंच ठिपके बोटांनी चाचपायचे.

पुढे क्वार्ट्झ आले, १९८४ मध्ये टायटन कंपनी निघाली, आणि चावी देण्याची सवय सुटत गेली. २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्याचा निर्णय झाला. आता बाजारात जुन्या मशीनवर भडक रंगाच्या तबकड्या बसवून ‘जुने घड्याळ’ म्हणून विकतात. मी ती घेत नाही. मला कारण ठाऊक आहे.

मध्यंतरी सेवाग्रामला गेलो होतो. १९३६ मध्ये गांधीजी तिथे राहायला आले. त्यांच्या मोजक्या वस्तूंत कमरेला लटकणारे घड्याळ असे. त्यांचे एक झेनिथ घड्याळ २००९ साली न्यूयॉर्कला लिलावात निघाले. चष्मा, चपला, वाटी, ताटली आणि ते घड्याळ मिळून १८ लाख डॉलर पडले. ही किंमत यंत्राची नव्हे, ते वापरणाऱ्या माणसाची. आणि तो माणूस तर वस्तू जमवण्याच्या विरुद्ध! बापूकुटीसमोर उभे असताना मला माझी अकरा घड्याळे आठवून थोडी लाजच वाटली.

पण तिथेच एक गोष्ट उमगली. मातीच्या भिंतींना पुनःपुन्हा सारवावे लागते, म्हणून कुणी त्यांना ऑइलपेंट लावत नाही. सारवणे म्हणजे सांभाळणे. मी केले ते सारवणे नव्हते, पुसणे होते. आता मी घड्याळांना तेलपाणी करून घेतो, काच बदलतो, पट्टा बदलतो. तबकडीला मात्र हात लावू देत नाही.

आबांचे घड्याळ मी लपवून ठेवले होते. गेल्या दिवाळीत बाबांनीच ते मागितले. चावी दिली, डोळे मिटले आणि कानाशी धरले. बराच वेळ ते तसेच बसून होते.

‘‘आवाज तोच हाय,’’ बाबा म्हणाले.

तेव्हापासून ते घड्याळ बाबांच्या हातावर आहे. दिवसाला दोनतीन मिनिटे मागे पडते. दुरुस्त करू का, असे मी अजून विचारलेले नाही.