सुताराने दिलेले दार

स्मरणिकेसाठी ‘आवडत्या प्रवासाचे एखादे छायाचित्र आणि त्याची आठवण’ पाठवावी, असे संपादक मंडळाचे पत्र आले तेव्हा निवड करावी लागलीच नाही. पुढील आयुष्यात सांची पाहिले, सारनाथ पाहिले, बोधगयेला तर दोनदा जाऊन आलो. तेथील सुबक, रंगीत छायाचित्रे संग्रही आहेत. परंतु मनात घर करून राहिले आहे ते 1998 सालच्या वसतिगृहाच्या सहलीतील एक सदोष छायाचित्र. संपूर्ण सहलीसाठी 36 फोटोंचा एकच रोल होता आणि तो जपून वापरावा अशी सरांची ताकीद होती. तरीही हा एक फोटो असा निघाला की त्यातला मुलगा ओळखू येत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे तोंड पश्चिमेला आहे. फोटो आतून घेतलेला, वेळ तिसऱ्या प्रहराची. त्यामुळे दारातून येणाऱ्या उन्हापुढे माझा वर्गमित्र नुसती काळी आकृती होऊन उभा आहे. दिसतो तो फक्त त्याचा उजवा हात, दाराच्या दगडी बाजूवर सपाट टेकवलेला.

तो हात तिथे का टेकला होता, हे सांगण्यासाठी आधी आपल्या भोजनगृहाबद्दल सांगावे लागेल.

त्या काळातील भोजनगृह ज्यांना आठवते त्यांना तिथला दानफलकही आठवत असेल. दात्याचे नाव, गाव आणि रक्कम, अशा तीन रकान्यांत रंगवलेला. कोणी मुलांच्या वर्षभराच्या तांदळाचा खर्च उचललेला, कोणी आईवडिलांच्या स्मरणार्थ पंखे दिलेले. संस्था लोकवर्गणीवर चालत होती आणि त्यात लपवण्यासारखे काहीच नव्हते. पण तेराचौदा वर्षांच्या मुलाचे मन वेगळे असते. एकदा आंतरशालेय कबड्डीच्या सामन्यात समोरच्या संघातला एक मुलगा आम्हाला ‘दानावर वाढलेली पोरे’ म्हणाला. सामना आम्ही जिंकला. माझा मित्र मात्र त्या दिवसापासून जेवताना फलकाकडे पाठ करून बसू लागला. बसण्याची जागा बदलल्याचे कारण त्याने सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

त्याचे वडील परभणीकडून आलेले, सेंट्रिंगचे सुतार. त्या वर्षांत नेरूळ, बेलापूर, खारघर या भागांत इमारतींची कामे जोरात होती. सेंट्रिंगच्या सुताराची गोष्टच निराळी. तो फळ्या ठोकतो, टेकू लावतो, त्यावर सळ्या बांधल्या जातात, काँक्रीट ओतले जाते. आणि स्लॅब पक्का झाला की त्याचे सगळे लाकूड काढून नेतात. इमारत उभी राहते, सुताराच्या कामाची खूण उरत नाही. मित्र एकदा सहज म्हणाला होता, “बाबांनी केलेलं काम दाखवायचं म्हटलं तर दाखवू काय?”

द्रुतगती मार्ग तेव्हा व्हायचा होता. आमची बस जुन्या रस्त्याने खोपोलीवरून बोरघाट चढली. कार्ल्याच्या पायऱ्यांवर एकवीरेच्या भक्तांची गर्दी होती. आपल्या नवी मुंबईच्या मूळ गावांतील आगरी-कोळी मंडळींची ती कुलदेवता, त्यामुळे ओळखीच्या बोलीतले शब्द कानावर पडत होते. देवीचे मंदिर चैत्यगृहाच्या अगदी दारासमोर आहे. वर आलेल्या गर्दीपैकी फार थोडे लोक लेण्यात वळतात, हे पाहून मला आजही हळहळ वाटते.

आत शिरल्यावर आम्हा चाळीस मुलांचा गलका आपोआप थांबला. सुमारे 124 फूट लांबीचे ते सभागृह, दोन्ही बाजूंना हत्तींवर बसलेल्या जोड्या मिरवणारे 15-15 खांब, टोकाला स्तूप आणि स्तूपावर लाकडी छत्र. वर कमानदार छताला लाकडाच्या फासळ्या आहेत. भन्तेंनी वंदना घेतली. नंतर इतिहासाच्या सरांनी त्या फासळ्या दाखवून विचारले, “डोंगर कोरून केलेल्या छताला लाकडाचा आधार लागतो का?” लागत नाही, हे आम्हालाही कळत होते. मग त्या कशासाठी? सर म्हणाले, आधी अशी चैत्यगृहे लाकडाची बांधत असत. दगडात कोरणाऱ्यांनी तोच घाट डोळ्यांपुढे ठेवला. कमानी, कठडे, गवाक्षे, सारे सुताराच्या कामाचे दगडातले रूप आहे.

त्यानंतर ते शिलालेखांकडे वळले. कार्ल्याचे लेख ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत आहेत आणि जवळजवळ सगळे दानाचे आहेत. हे ‘शैलगृह’ पूर्ण करवून घेणारा वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासीचा, भूतपाल श्रेष्ठी. बाहेरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचा. आतला एक खांब सोपाऱ्याच्या, आपल्या नालासोपाऱ्याच्या, एका भिक्खूचा. कित्येक खांब धेनुकाकट या गावच्या यवनांनी दिलेले. कठड्याच्या दात्यांत भिक्खुणी आहेत. राजाचे, व्यापाऱ्याचे नाव कोणत्याही इमारतीवर सापडते. येथे एका दाराचा दाता सिंहदत्त नावाचा गांधी आहे, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा. आणि दुसऱ्या दाराजवळच्या लेखात नाव आहे वेणुवासाचा मुलगा सामी याचे. गाव धेनुकाकट, धंदा ‘वढकी’.

“वढकी म्हणजे सुतार,” सर म्हणाले. “हिंदीतला बढई त्याच शब्दापासून आला.”

मित्राने मान वर केली. बढई हा शब्द त्याने बांधकामांवर हजारदा ऐकला होता. त्याने विचारले, “सर, त्याने दारासाठी पैसे दिले की दार केलं?”

सरांनी लेखातले शब्द पुन्हा उच्चारले. तेथे क्रियापद ‘केले’ असे आहे. गृहाचे मुख सामीने केले. सर म्हणाले, खर्च केला असेल, हातानेही केले असेल. लेख एवढेच सांगतो की हे दार त्याचे. आम्ही पुढे विहार पाहायला निघालो, तेव्हा मित्र मागेच राहिला. कॅमेरा सांभाळणारा विद्यार्थी त्याला बोलवायला आत होता. त्याने हाक मारली आणि रोलमधला एक फोटो खर्च केला.

सहल पुढे देहूरोडलाही गेली. 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी जेथे बुद्धमूर्तीची स्थापना केली, त्या विहारात आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले. परतीच्या बसमध्ये मित्र एरवीपेक्षा पुष्कळच बोलका झाला होता.

पुढच्याच महिन्यात, सुट्टीच्या एका रविवारी, त्याचे वडील हत्यारांची पिशवी घेऊन वसतिगृहात आले. भोजनगृहाचे दार पावसाने फुगून दोन वर्षे धड लागत नव्हते. त्यांनी नवे दार केले. सागाची फळी स्वतःच्या पैशाने आणली आणि तीन रविवार काम केले. मित्र रंधा धरायला होता. मजुरी विचारल्यावर वडील नुसते हसले. त्यांचे नाव तेव्हा फलकावर आले नाही, कारण रकान्यात लिहायला रक्कम नव्हती, आणि त्यांनीही ते मागितले नाही.

गुप्तदान श्रेष्ठ असे आपल्याकडे म्हणतात. मला ते पुरते पटत नाही. ज्यांची नावे रस्त्यांना, चौकांना आणि सातबाऱ्यावर आधीच आहेत त्यांना गुप्तदान शोभते. ज्यांच्या आज्याचे नावसुद्धा धडपणे कोणी कागदावर लिहिले नाही, त्यांनी दिलेल्या वस्तूवर नाव असावे. दोन हजार वर्षांपूर्वी सामीला कोणी नाव झाकून ठेव म्हणाले नाही, म्हणून तर तो आम्हाला भेटला.

भोजनगृहाच्या नूतनीकरणाच्या वेळी माजी विद्यार्थ्यांनी दोन विनंत्या केल्या आणि भन्तेंनी दोन्ही मान्य केल्या. फलकावरचा रकमेचा रकाना काढला. आणि ते सागाचे दार न बदलता, चौकटीवर एक ओळ कोरून घेतली: गाव, धंदा, वडिलांचे नाव, स्वतःचे नाव, आणि शेवटी ‘याने हे दार केले’. ओळ मित्राने स्वतः पटाशीने कोरली आहे, त्यामुळे अक्षरे थोडी वर-खाली झाली आहेत. ते नाव मी येथे मुद्दाम देत नाही. स्नेहमेळाव्याला याल तेव्हा आत शिरताना उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर पाहा.