गाडी आपली, तर हिशेबही आपलाच

१४ ऑक्टोबर २०२१ रोजी आमच्या दारात चारचाकी उभी राहिली. नवी नव्हे, चार वर्षे वापरलेली, सात आसनांची डिझेल गाडी. शोरूमवाले अशा गाडीला एसयूव्ही म्हणतात. आमच्या नाशिकच्या वस्तीत ती पहिल्या दिवसापासून ‘जीप’च झाली. पतसंस्थेचे कर्ज काढून घेतली होती. नारळ फोडला नाही, लिंबू-मिरची बांधली नाही. आईने मेणबत्ती लावली, सर्वांनी त्रिसरण-पंचशील म्हटले आणि पोरांना पेढे वाटले. एक म्हातारे बाबा बराच वेळ बॉनेटवर हात ठेवून उभे होते. त्यांचे सारे आयुष्य दुसऱ्यांचे ट्रक भरण्यात गेले होते.

गाडी का घेतली, असे कोणी विचारले की मी सांगे, आईचे गुडघे दुखतात, चळवळीच्या कामाला फिरावे लागते. हे खरेच होते. पण पुरते खरे नव्हते. आपल्यालाही गाडी असावी, चार लोकांनी बघावे, हेही मनात होते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. १९०१ साली लहानगा भीम आपल्या भाऊ व भाच्यांबरोबर मसूर स्टेशनवर उतरला, तेव्हा जात कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एकाने गाडी दिली, पण हाकायची मुलांनी आणि तो चालणार बरोबरीने. ज्या समाजाच्या वाट्याला हे आले, त्याला स्वतःच्या गाडीचे अप्रूप वाटणारच.

मात्र गाडी घेणे वेगळे आणि गाडी आपली होणे वेगळे, हे मला वर्षभराने कळले. ते कसे कळले, तेच आज सांगायचे आहे.

२०२२ च्या नोव्हेंबरात गाडी सर्व्हिसिंगला टाकली. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जायचे होते, कसारा घाट उतरायचा होता, म्हणून मुद्दाम कंपनीच्या अधिकृत केंद्रात नेली. त्या केंद्राचे नाव इथे देत नाही. काचेचे दालन, थंड हवा, फुकटची कॉफी. इस्त्रीच्या कपड्यातला मुलगा टॅबवर बोटे फिरवत भराभर नावे घेत होता. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, ए.सी. ट्रीटमेंट, अंडरबॉडी कोटिंग. “करून टाकू ना, सर?” मी म्हणालो, “करा.”

मी कारकून माणूस, बी. कॉम. झालेला. कचेरीत दुसऱ्याच्या बिलातला सव्वा रुपयाचा फरक शोधून काढतो. आणि तिथे १३,८४० रुपयांच्या बिलावर न वाचता सही केली. का? ‘यांनी कधी गाडी बघितली नाही’ असे समोरच्याला वाटेल, ही भीती. प्रश्न विचारला तर आपली जात उघडी पडेल, असे काहीतरी आत बसलेले असते. नोकरी लागली, गाडी आली, पण ते निघाले नव्हते.

घरी पत्नीने बिल पाहिले आणि एवढेच म्हणाली, “गॅसची टाकी आपण वजन करून घेतो. मग इथं काय झालं?” मला उत्तर सुचले नाही.

५ डिसेंबरच्या रात्री आम्ही निघालो. सात आसनांची गाडी, पण माणसे अकरा. “दादा, मलाही घ्या,” म्हटल्यावर कोणाला नाही म्हणणार? इगतपुरी मागे पडली, घाट लागला आणि मी माझी आणखी एक हुशारी केली. उतारावर गाडी न्यूट्रल केली. तेवढेच डिझेल वाचेल! चार-पाच वळणे उतरलो आणि जळका वास आला. ब्रेक दाबला तर पायडल मऊ लागले आणि नेहमीपेक्षा खोल गेले. गाडी थांबेना. शेजारी माझी मुलगी बसली होती, मागे वस्तीतल्या आयाबाया भीमगीते म्हणत होत्या. मी तिसरा गिअर टाकला, मग दुसरा. इंजिन ओरडले, पण वेग तुटला. हळूहळू हँडब्रेक ओढत गाडी कडेला घेतली. गाणे थांबले होते. कोणी काही बोलले नाही.

पाऊण तास गाडी थंड होऊ दिली. चार जणांना मागून आलेल्या ओळखीच्या टेम्पोत बसवून दिले. मग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरून खाली हायवेवरच्या गॅरेजात गेलो. मिस्त्रीने चाके काढली, डबीचे झाकण उघडले आणि बॅटरी मारून दाखवली. “साहेब, हे ब्रेक ऑइल बघा. चहासारखं झालंय. हे वर्षानुवर्षं कुणी बदललेलं नाही.” मागच्या ड्रममध्ये धूळ भरलेली, लायनर झिजलेले. माझ्या खिशातल्या बिलात मात्र ‘ब्रेक ऑइल बदलले, मागचे ब्रेक उघडून साफ केले’ असे लिहून २,६५० रुपये लावले होते.

त्या मिस्त्रीने मला दहा मिनिटांत जे शिकवले, ते वर्षभरात कोणी सांगितले नव्हते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. ते जुने झाले की घाटातल्या उष्णतेने त्यातले पाणी उकळते, वाफेचे बुडबुडे होतात आणि पायडल पोकळ लागते. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे. न्यूट्रलची माझी हुशारी तर उलटीच होती. आजच्या डिझेल गाडीत उतारावर गाडी गिअरमध्ये असली आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तर इंजिनला डिझेल जाणे जवळपास बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन सुरू ठेवायला डिझेल लागतेच, शिवाय इंजिनाचा धरून ठेवणारा जोर जातो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा, ही जुन्या ड्रायव्हरांची रीत त्यासाठीच आहे.

दुसऱ्या दिवशी चैत्यभूमीच्या रांगेत उभा असताना मला चाळीसगाव आठवत होते. १९२९ सालची गोष्ट. बाबासाहेबांना स्टेशनवरून महारवाड्यात न्यायचे होते, पण टांगेवाले अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार होईनात. तेव्हा आपल्या माणसांनी टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला आपल्यातलाच एक जण बसवला. त्याला सराव नव्हता. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत पडले. त्या माणसांच्या प्रेमात काय कमी होते? काहीच नाही. कमी होता तो सराव, आणि तो मिळू न देणारी व्यवस्था होती. आज मला कोणी अडवलेले नाही. गाडीचे पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात पडलेले होते. तरी मी अकरा जिवांना घेऊन न शिकताच बसलो होतो. माझ्याजवळ कोणती सबब होती?

परत आल्यावर मी केंद्रात गेलो. व्यवस्थापक म्हणाले, “तुम्ही सही केली आहे ना?” या वेळी मी कॉफी घेतली नाही. कारकुनाला जे येते ते केले. दोन प्रतींत अर्ज लिहिला, बिलाची झेरॉक्स, मिस्त्रीची पावती आणि काढलेल्या भागांचे फोटो जोडले आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन, असे शेवटी लिहिले. आवाज चढवला नाही. बावीस दिवसांनी २,६५० रुपये परत मिळाले. रक्कम लहान, पण मला तो माझा छोटा सत्याग्रह वाटला.

वाचकांच्या माहितीसाठी सांगतो. वस्तूला किंवा सेवेला दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर या आयोगाकडे तक्रारीला फी लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

तेव्हापासून सर्व्हिसिंगला जाताना आमचा नियम ठरला आहे. आदल्या रात्री मुलगी गाडीचे पुस्तक उघडते. या किलोमीटरला काय बदलायचे, काय फक्त तपासायचे, ते कागदावर मराठीत उतरवते. इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, ब्रेक. पुस्तकात जे नाही ते कारण पटल्याशिवाय करायचे नाही. जॉब कार्डवर अंदाजी खर्च लिहून घ्यायचा. ‘विचारल्याशिवाय जास्तीचे काम करू नये’ असे त्यावर लिहायचे. काढलेले जुने भाग परत मागायचे. पैसे देण्याआधी बिलाची ओळ न् ओळ वाचायची, समोरचा कितीही घाईत असो. आता तोच मुलगा मला पाहिला की स्वतःहून जुना फिल्टर पिशवीत घालून आणतो.

दुसरी गोष्ट डिझेलची. मीटरवरच्या आकड्यावर किंवा जाहिरातीवर विसंबू नये. कंपनी सांगते तो आकडा चाचणीत ठरावीक पद्धतीने मोजलेला असतो. आपल्या रस्त्यावर, आपल्या पायाखाली तो तसाच येत नाही. आपला हिशेब सोपा आहे. एकाच पंपावर टाकी भरायची, पाइप आपोआप बंद झाला की थांबायचे, किलोमीटर लिहायचे. पुढच्या वेळी पुन्हा तशीच भरायची. मधले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. एकदा मोजून भागत नाही, पाच वेळांची सरासरी काढावी. माझी पहिली सरासरी ११.८ आली.

मग एकेक गोष्ट सुधारली. रिकामा कॅरिअर टपावरून काढला. टायर थंड असताना दाराच्या चौकटीवरच्या पट्टीप्रमाणे हवा भरू लागलो. एअर फिल्टर बदलला. मागचा ब्रेक किंचित घासत होता, तो सैल करून घेतला. क्लचवर पाय ठेवून बसायची सवय सोडली. हायवेला शंभरऐवजी सत्तर-ऐंशीने जाऊ लागलो. सरासरी १३.६ वर आली. वर्षाला माझे ९,००० किलोमीटर होतात. म्हणजे सुमारे १०० लिटर डिझेल वाचले. लिटरला ९० रुपये धरले तरी ९,००० रुपये. हे पैसे मुलीच्या कॉलेजच्या खात्यात जातात.

आता कटू पान. वहीतला वर्षाचा खर्च असा आहे. डिझेल ६०,०००, सर्व्हिसिंग व किरकोळ दुरुस्ती २०,०००, विमा १५,०००, टायरसाठी बाजूला ८,०००. एकूण १,०३,०००. वर कर्जाचा हप्ता ७,८०० रुपये महिना, म्हणजे ९३,६००. बेरीज १,९६,६००. किलोमीटरला जवळजवळ २२ रुपये. महिन्यातून दोनदा गावी जाण्यापुरती गाडी हवी असेल, तर भाड्याची गाडी स्वस्त पडते, हे बांधवांनो, मी मालक असूनच सांगतो आहे. मुलांची फी थकवून, घरातले डाग गहाण ठेवून दारात गाडी उभी करू नका. पाटीवर ‘जयभीम’ लिहिलेली गाडी बँकेने ओढून नेताना मी पाहिली आहे. त्या दिवशी त्या घरातले कोणी बाहेर आले नाही.

आमच्या गाडीत आता सातच माणसे बसतात. नाही म्हणायला जड जाते, काही जण रुसलेही. पांढऱ्या पाटीची गाडी असल्याने भाडे मारत नाही. ते परवान्याशिवाय बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो. प्यायलेल्या माणसाच्या हाती, मग तो सख्खा मेहुणा का असेना, किल्ली दिली जात नाही. पाचवे शील फक्त वंदनेपुरते नाही.

तथागतांनी अखेरच्या उपदेशात अप्पमाद, म्हणजे सावधपणा, सांगितला. विहारात तो शब्द मी शेकडो वेळा ऐकला होता. त्याचा अर्थ मला कसारा घाटात कळला. सावधपणा म्हणजे हवा तपासणे, वहीत किलोमीटर लिहिणे, न कळलेले विचारणे. ज्ञान नसणे हा कमीपणा नाही. लाजेने न विचारणे हा आहे.

गेल्या वर्षी मुलीला अठरा पूर्ण झाली आणि तिने पक्के लायसन्स काढले. पहिल्यांदा गाडी बाहेर काढताना ती लगेच बसली नाही. आधी चारी टायर पाहिले, बॉनेट उघडून ऑइलची काडी पुसून पुन्हा बुडवली, ब्रेक ऑइलची खूण पाहिली. आई ओट्यावरून म्हणाली, “काय गं, जायचं का नाही?” ती म्हणाली, “आजी, आधी हिशेब.” मग ती चालकाच्या जागी बसली, आणि मी शेजारी.

जयभीम!