पाच डॉलरचा पलाटा

नाशकात मी बावीस वर्षं खानावळ चालवली. त्यामुळे कुठंही खायला गेले की नजर आधी दराच्या पाटीवर जाते. मागच्या उन्हाळ्यात मुलीकडे न्यूयॉर्कला होते. एका शनिवारी ती म्हणाली, "आई, आज चूल बंद. तुला रातबाजार दाखवते."

सात नंबरच्या गाडीनं १११व्या रस्त्याच्या स्टेशनावर उतरलो. फ्लशिंग मेडोजच्या मोठ्या बागेत, विज्ञान संग्रहालयाच्या मागं क्वीन्स नाइट मार्केट भरतं. तंबूंच्या रांगा, कोळशाचा धूर. कुणी त्रिनिदादचं, कुणी रोमेनियाचं, कुणी कंबोडियाचं. पाट्यांवर मात्र सगळीकडे पाच नाहीतर सहा डॉलर. त्याच शहरात साध्या सँडविचला आम्ही पंधरा मोजले होते!

हा बाजार २०१५ साली जॉन वाँग यांनी सुरू केला. मूळ तैवानी घरातला हा माणूस वकिली करायचा. लहानपणी सुट्टीत तैवानला पाहिलेले रातबाजार त्यांच्या मनात होते. त्यांनी दराला पाच डॉलरची मर्यादा घातली. पुढं महागाईमुळे काही पदार्थांना सहाची मुभा मिळाली. मला हीच गोष्ट मोलाची वाटते. पाच डॉलरला माणूस अनोळखी चव घेऊन बघतो. नाही रुचली तरी हळहळ नाही. नव्वदहून जास्त देशांचे पदार्थ इथं रांधले गेलेत, ते त्यामुळेच.

एका ब्रह्मी तंबूपाशी मी थबकले. तिथली बाई पिठाचा गोळा तेलाच्या हातानं ताणत होती, पार पलीकडचं दिसेपर्यंत. मग चारी बाजूंनी दुमडून तव्यावर. त्याला ब्रह्मी लोक पलाटा म्हणतात. म्हणजे आपला पराठाच. इंग्रजी अमलात रंगूनला गेलेल्या आपल्या माणसांबरोबर पोचलेला. पापुद्रे सुटे, कडा कुरकुरीत. मी मुलीकरवी विचारलं, "दुकान का नाही काढत?" त्या बाईनं बोटांनी पैशाची खूण केली.

ते मला कुणी समजवायला नको. गाळ्याच्या डिपॉझिटसाठी मी पाटल्या मोडल्या होत्या. पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधीच अर्धा जीव तिथं जातो. रातबाजारात तंबू लावून आधी हात बसवता येतो, गिऱ्हाईक जोडता येतं.

आपल्याकडे नाशकात सातपूर-अंबडच्या कारखान्यांमागं बिहार, उत्तर प्रदेशातली किती कुटुंबं राहतात. खोलीतल्या शेगडीवर लिट्टी-चोखा होतो, आणि चार गल्ल्या पलीकडच्या आम्हाला त्याची चव ठाऊक नसते. महापालिकेला माझी विनंती आहे: शनिवार संध्याकाळपुरती एक मोकळी जागा, पाणी आणि दिवे द्या, दराला पन्नास रुपयांची मर्यादा घाला. पहिल्या शनिवारी पीठ मळायला मी येईन.