चोळपुरम्‌चा संप



आपल्याकडे संप म्हटलं की एसटी आठवते. तमिळनाडूत संप म्हणजे जमिनीखालचा पाण्याचा हौद. तंजावरच्या पोस्टिंगमध्ये हे दोन्ही अर्थ मला एकाच जागी भेटले.

कुंभकोणमहून आणैक्करैच्या रस्त्याला लागलं की चोळपुरम् येतं. एका अंगाला कावेरी, दुसऱ्या अंगाला कोळ्ळिडम. सगळी गाळाची जमीन. आपला पाऊस दसऱ्याला परत निघतो, इथला खरा पाऊस तेव्हा सुरू होतो आणि डिसेंबरपर्यंत चालतो. अशा जमिनीत तळघर म्हणजे रिकामी घागर पाण्यात दाबून धरणं. तरी लोक बांधतात, जागा महाग झाली आहे.

माझ्याबरोबरचा हवालदार मद्रास सॅपर्सचा, मी त्याला अण्णा म्हणतो आणि तो मला तंबी. त्याच्या मेहुण्याचं तिथे लग्नाचं कार्यालय आहे, पंगती तळघरात. मार्गळी महिन्यात तिकडे लग्नं करत नाहीत, म्हणून त्याआधी मुहूर्तांची झुंबड. एक लग्न दोन दिवसांवर आलेलं, आणि खाली गुडघाभर पाणी. संपातला पंप संपावर!

आम्ही पोचलो तेव्हा दोन पोरं पेट्रोलचा पंप उचलून जिन्यावरून खाली न्यायला निघाली होती. पाइप आखूड पडत होता, म्हणून. अण्णा असा ओरडला की परेड ग्राउंड आठवलं. बंद तळघरात इंजिन चालवलं की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग ना वास. माणूस खोकतसुद्धा नाही, डोकं जड होऊन खाली बसतो, आणि त्याला उचलायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. हे आम्हाला खडकीत शिकवलं, त्याला बंगळुरूत. पोरं अठरा-एकोणीसची असतील.

आधी मेन स्विच बंद केला. इंजिन बाहेर अंगणात ठेवलं आणि आणखी पाइप आणवला. मेहुण्याला घाई, पण अण्णा म्हणाला, सावकाश. भोवतीची माती पाण्याने फुगलेली असताना आतलं पाणी एकदम काढलं तर फरशी खालून उचलते, भिंत तडकते. रात्रभर थांबत थांबत उपसलं.

पहाटे पंप बाहेर काढला. मोटर ठणठणीत. फ्लोटला नारळाच्या शेंड्या गुंडाळलेल्या, त्यामुळे तो वर येतच नव्हता, मग स्विच लागणार कसा? जाळीवर केळीच्या पानांचे तुकडे. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमध्ये गाळ अडकलेला, म्हणजे वर चढलेलं पाणी परत खाली. सगळं धुवायला अर्धा तास लागला. बाहेरचा पाइप भिंतीलगतच सुटत होता, तो गटारापर्यंत नेला.

ज्यांच्याकडे असा पंप आहे त्यांनी पावसाआधी दोन बादल्या पाणी संपात ओतून बघा. फ्लोट उचलला, पंप लागला आणि पाणी ओसरल्यावर आपोआप थांबला, तर ठीक. आणि वीज जाते तेव्हाच पाऊस जोरात असतो, जनरेटरची तार पंपापर्यंत आहे का तेही बघा.

लग्नाला थांबता आलं नाही, ड्यूटी होती. मेहुण्याने डबा भरून दिला. पंप न्यायला निघालेल्या पोरांपैकी एक स्टँडपर्यंत सोडायला आला आणि वाटेत अण्णाला भरती कधी निघते ते विचारत होता.