शून्य-शून्य

‘नाहीतरी मॅचमध्ये काही घडतच नव्हतं,’ असं तो माणूस म्हणाला होता. हातात माइक, छातीवर फुलाचा बिल्ला, नजर मनगटावरच्या घड्याळावर. साल 2012. मी सोळा वर्षांची होते. त्यानंतर मी पुण्यात खेळले, परराज्यातल्या क्लबकडून खेळले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, खेळ सुटला. ते वाक्य काही सुटलं नाही.

मी भिंगारची, नगरला लागून कॅन्टोन्मेंटच्या काठावरची. लष्कराचं गाव म्हटल्यावर फुटबॉल आलाच. भाऊ खेळायला जायचा, मी त्याच्या मागे मागे. पोरं कमी पडली की मला बॅकला उभी करायचे, कारण पुढे खेळायला सगळेच तयार असतात. एकदा मागे उभी राहिले ती कायमची. आमच्या जिल्ह्याने झहीर खान दिला, श्रीरामपूरचा. अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा. त्यामुळे पोराने बॅट मागितली तर घरात कोणी आठ्या घालत नाही. मी स्टड मागितले तेव्हा आई दोन दिवस बोलली नाही. अण्णांनी घेऊन दिले, एक नंबर मोठे, पुढच्या वर्षीही व्हावेत म्हणून. पुढे कापूस कोंबून मी त्यात दोन हंगाम काढले.

तर ती स्पर्धा. निमंत्रितांची होती, जिल्ह्याबाहेर. गावाचं आणि मंडळाचं नाव लिहीत नाही. फायनलला आमच्यासमोर सोलापूरकडचा संघ होता आणि त्यांची नऊ नंबर. उंच, डावखुरी, दोन वेण्या वर बांधलेल्या. आधीच्या तीन सामन्यांत तिने सात गोल मारले होते. सरांनी मला एवढंच सांगितलं, ‘तिच्या पायांकडे बघशील तर फसशील. कमरेकडे बघ.’

पहिल्या पाच मिनिटांत मी फसले. तिने उजवा खांदा टाकला, मी उजवीकडे झुकले, ती डावीकडून गेली आणि तिचा शॉट बारला लागून बाहेर. दुसऱ्यांदाही तेच, पण या वेळी गोली पुढे आली म्हणून वाचलो. तिसऱ्यांदा मी खांद्याकडे पाहिलंच नाही. कंबर वळत नाही तोवर मी हलले नाही. ती वळली, मी आधीच तिथे होते, बॉल माझ्या पायात. त्यानंतर तिला आत येऊच दिलं नाही. दोन पावलं अंतर ठेवायचं, अंगावर जायचं नाही, हळूहळू लाइनकडे ढकलत न्यायचं. कोपऱ्यात जागा संपते आणि फॉरवर्डला पाठ फिरवावी लागते. माझ्या ‘वर!’ या हाकेबरोबर आम्ही चौघी एकदम पुढे सरकायचो आणि ती ऑफसाइड सापडायची. पाच वेळा सापडली. दुसऱ्या हाफमध्ये तिला गोलवर एकही शॉट मिळाला नाही. एकही नाही.

संपायला पाच मिनिटं असताना कॉर्नरवरून बॉल घसरत गोललाइनकडे निघाला. गोली पडलेली. मी पाय पुढे टाकून घसरले आणि गुडघ्याने बॉल बाहेर काढला. लाइनची फक्की खरचटलेल्या गुडघ्यात भरली. जखमेत चुना गेला की कसं होतं ते ज्याला झालंय त्यालाच कळेल. मी उठले तेव्हा गुडघा पांढरा होता आणि त्यातून लाल उमटत होतं. सर लाइनवरून ओरडले, ‘शाब्बास!’ मला आजवर मिळालेल्या बक्षिसांत तो शब्द पहिला आहे.

शिट्टी वाजली. शून्य-शून्य. नियमपत्रिकेत छापलेलं होतं: बरोबरी झाल्यास जादा वेळ, तरीही बरोबरी राहिल्यास पेनल्टी. आम्ही पाणी पीत होतो. तेवढ्यात मांडवात पाहुणे आले. आमच्यानंतर मुलांची फायनल होती आणि पाहुण्यांना ती पाहायची होती. बिल्लेवाला माणूस मैदानात आला आणि रेफ्रीला म्हणाला, ‘टॉस करा.’

सर म्हणाले, ‘जादा वेळ राहू द्या. पाच-पाच पेनल्टी घ्या. दहा मिनिटं लागतील.’

‘वेळ नाही. नाहीतरी मॅचमध्ये काही घडतच नव्हतं.’

रेफ्रीने खिशातून दोन रुपयांचं नाणं काढलं. आम्ही दोघी कॅप्टन समोरासमोर. मी छापा म्हणाले. नाणं फक्कीच्या रेषेजवळ पडलं. काटा. नऊ नंबरने दोन्ही हात वर केले आणि मग, मला नीट आठवतंय, ते अर्ध्यावरच खाली घेतले.

त्यानंतर मुलांची मॅच लगेच सुरू झाली असं समजू नका. आधी स्वागत, मग शाल, नारळ, हार, मग भाषणं. अण्णा मला न्यायला आले होते, त्यांच्या घड्याळात मी मोजलं. बेचाळीस मिनिटं. एका भाषणात मुलींनीही खेळात पुढे यावं असं आवाहन होतं. विजेत्या संघातल्या मुली पुढच्या शिबिराला गेल्या, आम्ही एसटीने नगरला आलो. मी खिडकीशी बसून गुडघ्यातली फक्की रुमालाने टिपत होते.

नाण्याने सामना ठरण्याची गोष्ट एकट्या आमचीच नव्हे, हे मला पुढे कळलं. 5 जून 1968 ला नेपल्समध्ये युरोपियन स्पर्धेच्या उपांत्य फेरीत इटली आणि सोव्हिएत संघ जादा वेळेनंतरही शून्य-शून्य राहिले, आणि इटली नाण्यावर अंतिम फेरीत गेली. इटलीचा कॅप्टन होता जाचिन्तो फाक्केत्ती. तोही बॅकचाच खेळाडू. त्याने बरोबर सांगितलं, मी चूक. 1970 साली पेनल्टी शूटआउट नियमात आलं ते अशाच प्रकारांना कंटाळून. म्हणजे जगाने जे 1970 ला सोडलं ते आम्हा पोरींच्या वाट्याला 2012 ला आलं.

स्पर्धा भरवणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. मुलींची फायनल सकाळी पहिली ठेवा, पाहुणे येण्याच्या वेळेला बांधू नका. मैदानाजवळ मुलींसाठी कडी लागेल असं एक तरी बाथरूम असू द्या. मी कित्येक स्पर्धांत दुपारपर्यंत पाणी प्यायले नाही ते याच कारणाने, आणि मग पायात गोळे येतात तेव्हा म्हणतात मुलींना स्टॅमिना नसतो. आईवडिलांनाही सांगते, पोरगी खेळून आली की ‘किती गोल मारले?’ एवढंच विचारू नका. लोइतोंगबम आशालता देवीने ऑक्टोबर 2024 मध्ये काठमांडूला पाकिस्तानविरुद्ध शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना खेळला. शंभरपर्यंत पोहोचलेली ती पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू. ती बचावपटू आहे. मी ही बातमी कौतुकाने एका नातेवाइकांना दाखवली, तर त्यांचा पहिला प्रश्न, ‘गोल किती तिचे?’ मणिपूरची ही बाई दहा-पंधरा वर्षं भारतापुढे भिंत होऊन उभी राहिली, तिचा हिशेब कशात मांडायचा?

हे सगळं मी तावातावाने लिहिते आहे, पण एक कबूल केलं पाहिजे. छापा पडला असता तर मी याला अन्याय म्हटलं असतं का? नसतं. मी नाचले असते. हात अर्ध्यावरून खाली घेतले असते की नाही, सांगता येत नाही.

पुढचं भराभर सांगते, कारण ते सगळ्यांचं सारखंच असतं. बारावीनंतर पुणे, कॉलेजचा संघ, पुण्याची लीग. 2017 मध्ये दिल्लीत महिलांची पहिली इंडियन वुमेन्स लीग झाली तेव्हा अंतिम फेरीत सहा संघ होते आणि सगळं दोन-अडीच आठवड्यांत उरकलं. मी नंतर एका क्लबसाठी पात्रता फेरी खेळले. करार दोन महिन्यांचा, महिन्याला बारा हजार, एका खोलीत सहाजणी. ‘व्यावसायिक खेळाडू’ असा शब्द त्या कागदावर होता आणि तो मी फोटो काढून अण्णांना पाठवला होता. गुडघ्याचा लिगामेंट गेला तो तिसऱ्या सामन्यात. दुसऱ्या महिन्याचे पैसे आले नाहीत, ऑपरेशन घरच्यांनी केलं. 2023 मध्ये फेडरेशनने ठरवलं की वरच्या लीगमधल्या क्लबांनी किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला किमान 3 लाख 20 हजारांचे करार द्यायचे. चांगलंच झालं. माझ्या वेळेला नव्हतं.

सांगायचं आहे ते वेगळंच. पुण्यात पहिल्याच निवड चाचणीला ती भेटली. नऊ नंबर. वेण्या कापल्या होत्या, पण खांदा टाकला आणि मी ओळखलं. आम्ही एकाच संघात आलो, दोन वर्षं एका खोलीत राहिलो. सरावात ती रोज माझ्या अंगावर यायची आणि मी रोज तिला लाइनकडे न्यायचे. त्या फायनलबद्दल मात्र ती कधी बोलायची नाही. मला वाटायचं, माझं मन दुखेल म्हणून.

30 ऑक्टोबर 2022 ला आम्ही दोघी नवी मुंबईला डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची फायनल पाहायला गेलो. आधी तिसऱ्या क्रमांकाचा सामना झाला, नायजेरिया आणि जर्मनी, तीन-तीन बरोबरी, आणि नायजेरिया पेनल्टीवर जिंकली. एकेक मुलगी बॉल ठेवायला निघाली की स्टेडियम श्वास धरायचं. मग फायनल, स्पेन आणि कोलंबिया. ब्याऐंशी मिनिटं शून्य-शून्य. मी खुश होते, दोन्हीकडच्या बॅक सुंदर खेळत होत्या. मग स्पेनच्या हल्ल्यात कोलंबियाची बचावपटू आना मारिया गुस्मानचा स्वयंगोल झाला. एक-शून्य. तेवढ्यावर विश्वचषक गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ती माझ्याकडे बघत होती.

परतीच्या एसटीत, घाट चढताना, ती म्हणाली, ‘तुला एक सांगायचंय. त्या फायनलचं. मी घरी टॉस सांगितलंच नाही.’

‘मग?’

‘एक-शून्य सांगितलं. गोल मी मारला म्हणून सांगितलं.’

मला आधी कळेचना. मग म्हटलं, ‘माझ्यावरून?’

‘नाव नाही घेतलं तुझं. चार नंबर म्हणाले.’

चार नंबर म्हणजे मीच. तिचे वडील नव्हते, मामा घर चालवायचे. आम्ही टॉसवर जिंकलो म्हटलं असतं तर मामा म्हणाले असते, मग खेळायचं कशाला. गोल म्हटल्यावर त्यांनी पेढे आणले. त्या गोलच्या जोरावर तिला शिबिराला पाठवलं आणि पुढे पुण्याला. ती सांगत होती आणि मी खिडकीबाहेर बघत होते. लोणावळा येईपर्यंत मी बोलले नाही. टॉसचा आला नव्हता एवढा राग मला त्या रात्री आला. नाण्याने माझा सामना नेला होता, पण शून्य माझ्याकडे राहिलं होतं. सत्तर मिनिटं मी ज्यासाठी जीव काढला ते तेवढंच होतं, आणि दहा वर्षं कुणाच्या तरी घरात त्या जागी एक गोल नांदत होता. मी तिला म्हणाले, ‘तू घरी खरं सांग. नाहीतर मी सांगेन.’ ती हो म्हणाली. महिनाभर आम्ही फोन केला नाही.

यंदा मे महिन्यात तिच्या भावाच्या लग्नाला गेले. हळदीच्या आदल्या संध्याकाळी काकू स्वयंपाकघरात शेंगा भाजत होत्या, मी पाटावर बसून सोलत होते. बाहेर पाहुण्यांचा गलका. ती दारात उभी. काकूंनी मला विचारलं, ‘तू नगरची ना गं? हिनं नगरच्या पोरींवर गोल मारला होता. माझ्या भावानं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. तू होतीस का त्यात?’

ती दारातून आत आली नाही, बाहेरही गेली नाही. म्हणजे तिने सांगितलं नव्हतं.

‘होते,’ मी म्हणाले.

‘मग खरंच तसा भारी होता का गं तो गोल? का हीच फुगवून सांगते?’

कढईतल्या शेंगा तडतडत होत्या. काकू चुलीवरची नजर काढून माझ्याकडे बघत होत्या, हातातलं फडकं तसंच.

‘भारी होता,’ मी म्हणाले. ‘डाव्या पायाने, उजव्या कोपऱ्यात. मी मागेच होते, काकू. पोचले नाही.’